सिंहगडावरचे दुसरे मालुसरे

आज आपण कारंजा (घाडगे) इथे जमलो आहोत. नागपूर-अमरावती रस्त्यावरच्या या गावापासून सिंहगड शेकडो किलोमीटर दूर, पण तानाजी मालुसरे हे नाव इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्या रात्री गडावर तानाजींचे धाकटे भाऊ सूर्याजीही होते. आज आम्ही त्यांच्याविषयी बोलणार आहोत.

आधी पार्श्वभूमी बघू. 1665 च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना 23 किल्ले मोगलांना द्यावे लागले. त्यातच कोंढाणा होता. पुढे तह मोडला आणि 1670 च्या सुरुवातीला गड परत घ्यायचं ठरलं. मोहीम तानाजींकडे आली. पोलादपूरजवळचं उमरठ हे मालुसऱ्यांचं गाव. मावळे शिपाई बहुतेक असे एकेका खोऱ्यातले, एकमेकांचे भाऊबंद. त्यामुळे दोन सख्खे भाऊ एका मोहिमेवर जाणं ही तेव्हा नवलाची गोष्ट नव्हती.

4 फेब्रुवारी 1670 ची रात्र. मावळे कडा चढून वर गेले. गडाचा किल्लेदार उदेभान राजपूत. त्याची आणि तानाजींची गाठ पडली आणि दोघेही पडले. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण म्होरक्या पडला की फौजेचं काय होतं? धीर सुटतो, पाय मागे वळतात. जिंकत आलेली लढाई त्या काळी अशीच हातची जायची.

इथे सूर्याजी पुढे आले. सभासदाची बखर शिवाजी महाराजांच्या निधनानंतर दोन दशकांच्या आत, जिंजीला लिहिली गेली. त्यात सूर्याजींनी हिंमत धरली, लोक सावरले आणि उरलेली लढाई मारली, असं येतं. 1826 साली ग्रँट डफने इंग्रजीत मराठ्यांचा इतिहास छापला. तो सांगतो, मागे फिरणाऱ्या मावळ्यांना सूर्याजींनी थोपवलं आणि परतीचे दोर आता उरले नाहीत असं बजावलं. घोरपडीची गोष्ट मात्र सभासदाच्या बखरीत नाही, ती पोवाड्यातून आपल्यापर्यंत आली. पोवाडा ऐकावा जरूर, पण बखर काय म्हणते ते वेगळं ठेवावं.

सख्खा भाऊ समोर पडलाय. त्याच्याजवळ बसायलाही सवड नाही, कारण बाकीचे पळाले तर गडही जातो आणि भावाचं मरणही वाया जातं. सूर्याजींनी दुःख बाजूला ठेवून माणसं गोळा केली. तलवार चालवण्याइतकंच हेही शौर्य आहे, असं आम्हाला वाटतं.

मग गौरव कसा झाला? महाराज तानाजींसाठी हळहळले, गड मिळाल्याचा आनंद त्यांना गोड लागला नाही. भावाच्या मागे अधिकार सूर्याजींना दिला गेला. आणि ग्रँट डफ लिहितो, चढाईत असलेल्या साध्या शिपायालाही चांदीचं कडं मिळालं, अंमलदारांना त्यांच्या मानाप्रमाणे बक्षिसं मिळाली. विचार करा, ज्याचं नाव कुठल्याही कागदात नाही, त्याच्याही मनगटावर त्या रात्रीची खूण होती!

सगळ्या भावांच्या वाट्याला हे आलं नाही. दहा वर्षं आधी, 1660 मध्ये, विशाळगडाच्या वाटेवर बाजीप्रभू देशपांडे आणि त्यांचे भाऊ फुलाजी दोघेही लढता लढता पडले. तिथेही लोकांच्या तोंडी राहिले ते बाजीप्रभूच. फुलाजींचं नाव किती जणांना आठवतं?

आता अलीकडचं उदाहरण घेऊ. 1965 च्या युद्धात ट्रेव्हर कीलर आणि डेन्झिल कीलर हे लखनौचे दोन भाऊ हवाई दलात नॅट विमानं उडवत होते. ट्रेव्हर यांची लढत 3 सप्टेंबरची, डेन्झिल यांची 19 सप्टेंबरची. समोर सेबर विमानं. दोघांनाही वीरचक्र मिळालं, प्रत्येकाला आपापल्या कामगिरीसाठी. आजच्या पद्धतीचा हा फायदा आहे. दिवस, जागा, कामगिरी सगळं नावानिशी नोंदलं जातं, त्यामुळे एका भावाच्या नावाखाली दुसरा झाकला जात नाही.

सूर्याजींच्या काळी अशी नोंद नव्हती. तानाजी मोठेच होते, त्यांचं मोठेपण यानं कणभरही कमी होत नाही. पण गड ताब्यात आला तो सूर्याजींनी माणसं थांबवली म्हणून. महाराजांनी त्या वेळी ते ओळखलं. विसरलो ते आपण, पुढची माणसं. म्हणून आमचं एवढंच सांगणं आहे: यापुढे पोरांना सिंहगडाची गोष्ट सांगाल तेव्हा ती तानाजी पडले तिथे संपवू नका. सूर्याजींपर्यंत न्या आणि चांदीच्या कड्यांपर्यंत न्या.

इथे थांबतो.