आजोबांचे विमान कोणते?

सोलापूरजवळील कुंभारीत काय किंवा मुंबईत काय, महायुद्धात लढलेल्या वैमानिकाचे विमान घरच्या आठवणीत बहुधा ‘स्पिटफायर’च ठरते. वस्तुतः भारतीय हवाई दलाला हरिकेन १९४२ मध्ये, तर स्पिटफायर १९४४ मध्ये मिळाले. म्हणून आधी वर्ष पाहावे.

खात्रीचा पुरावा म्हणजे वैमानिकाचे लॉगबुक. त्यात प्रत्येक उड्डाणाची तारीख, विमानाचा प्रकार, क्रमांक व कालावधी असतो. ते हरवले असल्यास जुन्या पत्रांतून स्क्वाड्रन शोधावे. स्क्वाड्रनांच्या कामगिरीच्या नोंदी लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात ‘एअर २७’ या मालिकेत आहेत. केवळ छायाचित्रावर विसंबू नये; विमानाशेजारी उभा राहिलेला प्रत्येकजण ते उडवीत होता असे नाही.

माळ्यावरची पेटी मात्र वाळवी लागण्याआधीच उघडावी.