काणीवरचा गंधक

नांदेड-लातूरची भाकरी ज्वारीची. त्यामुळे पिकावरच्या बुरशीशी इथल्या शेतकऱ्याची जुनी ओळख आहे ती भाताच्या करप्यामुळे नव्हे, काणीमुळे. करप्याचे बीजाणू वाऱ्याने येऊन पानावर बसतात आणि पान भेदून आत शिरतात. दाणे काणी मात्र बियाण्याला चिकटूनच शेतात येते. पेरलेलं बी ओलीत फुगलं की त्याच्या सालीवरचा बीजाणूही रुजतो आणि कोंब मातीबाहेर पडायच्या आत त्यात घुसतो. पुढे वाढत्या शेंड्याबरोबर बुरशी ताटातून वर चढत राहते. ताट हिरवंगार, काही कळत नाही. ज्वारी निसवली की दाण्यांच्या जागी करड्या पिशव्या दिसतात, आत काळी भुकटी. मळणीत त्या फुटतात, भुकटी चांगल्या दाण्यांवर बसते, आणि त्यातलंच बी आपण पुढच्या पेरणीला ठेवतो.

हा फेरा प्रथम उलगडला तो गव्हावर. फ्रान्समध्ये १७५५ साली मातियु तिये यांनी गव्हाच्या काणीची भुकटी निरोगी बियाण्याला चोळून पेरली आणि रोगट पीक उभं करून दाखवलं. १८०७ मध्ये बेनेदिक्त प्रेव्हो यांनी तिचे बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली रुजताना पाहिले; पाण्यात तांब्याचा अंश असला की ते रुजत नाहीत, हेही त्यांना दिसलं. बुरशीमुळे पिकाला रोग होतो, हे जंतुशास्त्राच्या कितीतरी आधी सांगणाऱ्या या माणसाचं म्हणणं तेव्हाच्या विद्वानांनी मानलं नाही. शेतकऱ्यांना मात्र मोरचुदाच्या, म्हणजे तांब्याच्या क्षाराच्या, पाण्यात बी भिजवायची रीत मिळाली.

तीच रीत ज्वारीवर आली. पण भिजवलेलं बी सुकवावं लागे आणि मात्रा चुकली तर उगवण घटे. मुंबई इलाख्यात बी. एन. उप्पल यांनी १९३०च्या सुमारास ज्वारीच्या दाणे काणीवर कोरड्या भुकटीचे प्रयोग केले, आणि गंधक पुढे आला. हे काम इथलं नव्हे: नांदेड-लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. या भागाचं परभणीचं कृषी विद्यापीठ तर १९७२चं. तरी इथेही आज शिफारस गंधकाचीच आहे: किलोभर बियाण्याला ३०० मेशचा गंधक ४ ग्रॅम.

हा उपाय बियाण्यावरून येणाऱ्या दाणे काणीला आणि मोकळ्या काणीला लागू पडतो. लांब काणी हवेतून येते, झिपरी काणी मातीतून. तिथे याचा भरवसा धरू नये.

सोयाबीनने या दोन जिल्ह्यांतली ज्वारी मागे सारली. ती उरली आहे ती बरीचशी घरच्या बियाण्यावर, आणि काणीचा धोका तिथेच जास्त. एकरी ४ किलो बियाण्याला १६ ग्रॅम गंधक लागतो. चाड्यावर मूठ धरण्याआधी तो चोळाच. कोंब वर आल्यावर काणीला औषध नाही.