पेडणे : गमावलेले प्यादे की दिलेले?

2025 च्या नोव्हेंबरात बुद्धिबळाचा विश्वचषक गोव्यात झाला. त्यासाठी 206 खेळाडू येथे आले. तेव्हापासून आपल्या मुलांच्या तोंडी ‘गँबिट’ हा शब्द वरचेवर येतो. गँबिट म्हणजे डावाच्या आरंभीच आपले प्यादे, प्रसंगी मोहरासुद्धा, जाणूनबुजून समोरच्याला मारू देणे. शब्द मूळचा इटालियन. कुस्तीत पाय अडकवून पाडतात, तसा त्याचा अर्थ. स्पॅनिश धर्मगुरू रुय लोपेझ याने तो 1561 च्या आपल्या ग्रंथात बुद्धिबळासाठी वापरला.

1848 च्या सुमारास कलकत्त्यात जॉन कॉक्रन हा स्कॉटिश वकील महेशचंद्र बंदोपाध्याय यांच्याशी खेळत असे. त्याने चौथ्याच चालीला घोडा देऊन दोन प्यादी घेतली आणि काळ्या राजाला उघड्यावर ओढले. हा डाव आजही कॉक्रनच्या नावाने ओळखला जातो. हल्ला साधला तर वाहवा, फसला तर घोडा फुकट गेला. सगळी जोखीम एवढीच, पण ती मोठी.

आता आपल्या मुलुखाकडे वळू. अठराव्या शतकात पेडणे, डिचोली, सत्तरी हे महाल सावंतवाडीकर भोसल्यांकडे होते. गादीवर खेमसावंत तिसरे होते (1755 ते 1803). एका बाजूला गोव्याचे पोर्तुगीज, दुसऱ्या बाजूला कोल्हापूरकर, अशा कोंडीत हे संस्थान सापडले होते. 1781 साली पोर्तुगीजांनी डिचोली घेतली, पुढच्या वर्षी सत्तरी. ही प्यादी मारली गेली. त्यांना गँबिट म्हणता येणार नाही.

पेडण्याची गोष्ट वेगळी. कोल्हापूरकरांचा जोर वाढला तेव्हा खेमसावंतांनी पोर्तुगीजांची मदत मागितली आणि तिच्या मोबदल्यात 1788 साली पेडणे त्यांना दिले. ज्याने कालपर्यंत आपले महाल घेतले, त्यालाच आणखी एक महाल देऊन आपल्या बाजूला उभे करायचे! बुद्धिबळाच्या भाषेत हाच गँबिट.

तो साधला का? बुद्धिबळात प्यादे देणारा त्याबदल्यात वेळ, मोकळी वाट आणि हल्ल्याचा पुढाकार मागतो. खेमसावंतांना वेळ मिळाला, गादी टिकली. पुढाकार मात्र मिळाला नाही. कोल्हापूरशी वैर पुढेही धुमसत राहिले. 1803 साली खेमसावंत वारले आणि वारसाचा तंटा उभा राहिला. 1819 साली संस्थान इंग्रजांच्या छत्राखाली गेले. दिलेले प्यादे कधीच परत आले नाही. तरीही आम्ही खेमसावंतांना सरसकट दोष देणार नाही. दोन्हीकडून शह लागलेल्या राजाला चांगल्या चाली फार उरत नाहीत.

आम्हाला सलतो तो दुसराच मुद्दा. पटावर प्याद्याला कोणी विचारत नाही. पेडण्यातल्या रयतेलाही 1788 साली कोणी विचारले नव्हते. राजाचा डाव काही वर्षांचा, पण त्या एका चालीचा भार पेडण्याने 19 डिसेंबर 1961 पर्यंत, म्हणजे 173 वर्षे वाहिला.

या काळात आपल्या पूर्वजांनी काय राखले, तेही पाहिले पाहिजे. बार्देश, तिसवाडी, साष्टीत सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली. नव्या काबिजादी उशिरा गेल्यामुळे आणि तेथे लोकांचा धर्म व चालीरीती चालू ठेवण्याचे धोरण राहिल्यामुळे इकडची देवळे वाचली. पेडण्याच्या भगवतीपुढचे दोन दगडी हत्ती आणि डिचोली महालातील नार्व्याचा सप्तकोटेश्वर त्याची साक्ष देतात. दिवाडीवरून उठलेल्या त्या देवाचे मंदिर शिवाजी महाराजांनी 1668 साली नव्याने बांधवले. भजन, दशावतार आणि मराठी वाचन-लेखन घराघरांत चालू राहिले.

तह होतात ते राजांच्या आणि गव्हर्नरांच्या नावाने, म्हणून इतिहासात त्यांचीच बाजू येते. रयतेची बाजू आपल्या माळ्यावरच्या पेटीत असते : मोडीतले जमिनीचे कागद, देवस्थानचे हिशेब, जुनी पत्रे. यंदा गणपतीसाठी घर झाडताना असे कागद हाती आले, तर ते रद्दीत घालू नयेत. मोडी जाणणाऱ्याकडून एकदा वाचून घ्यावेत आणि जपावेत, एवढीच सर्वांना विनंती.