वर्मा, जगदीश शरण

वर्मा, जगदीश शरण : (१८ जानेवारी १९३३ – २२ एप्रिल २०१३). भारताचे सत्ताविसावे सरन्यायाधीश. जन्म सतना (मध्य प्रदेश) येथे. १९७२ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयात न्यायाधीश, १९८६ ते १९८९ राजस्थान उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती, पुढे सर्वोच्च न्यायालयात. देशी न्यायालयात आंतरराष्ट्रीय कायदा वापरण्याची एक वाट सर्वांना ठाऊक आहे: १९९८ मध्ये स्पेनचे न्यायाधीश बाल्तासार गार्सोन यांच्या वॉरंटवरून चिलीचा माजी हुकूमशहा पिनोशेला लंडनमध्ये अटक झाली आणि देशी न्यायालयाचा हात परदेशी हुकूमशहापर्यंत पोहोचला. वर्मांची वाट उलटी होती: सरकारने जगापुढे स्वीकारलेले करार त्यांनी घरच्याच सरकारपुढे ठेवले. ओडिशातील नीलाबती बेहेरा यांचा मुलगा पोलिसांनी कोठडीत नेल्यावर रेल्वेरुळांवर मृत सापडला. आईचे पत्र हीच याचिका मानली गेली. १९९३ च्या निकालात वर्मांनी दीड लाख रुपयांची भरपाई देताना नागरी व राजकीय हक्कांच्या करारातील अनुच्छेद ९(५) चा आधार घेतला; गंमत अशी, की नेमक्या याच कलमाबाबत भारताने करारात सामील होताना हात राखून ठेवला होता.

जयपूरजवळच्या भटेरी गावात बालविवाह रोखू पाहणाऱ्या ‘साथिन’ (सरकारी महिला-विकास कार्यकर्त्या) भंवरीदेवींवर १९९२ मध्ये सामूहिक बलात्कार झाला. त्यातून जयपूरच्या ‘विशाखा’सह काही संस्थांनी याचिका केली. १३ ऑगस्ट १९९७ रोजी वर्मा, सुजाता मनोहर आणि बी. एन. किरपाल यांच्या पीठाने स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या निर्मूलनाचा करार आधाराला घेऊन कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध नियम घालून दिले. न्यायालयाने संसदेचे काम बळकावले, हा आक्षेप तेव्हापासूनचा. पण हे नियम कायदा होईपर्यंतच लागू असतील, असे निकालातच म्हटले होते. संसदेचे हात कोणी बांधले नव्हते, तरी कायदा यायला २०१३ उजाडले. अधिक बोचरा आक्षेप वेगळा आहे: खुद्द भंवरीदेवींच्या पदरी काय पडले? जयपूरच्या सत्र न्यायालयाने १९९५ मध्येच आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडले होते, आणि विशाखा निकालाचा त्या खटल्याशी संबंध नव्हता. ही उणीव खरीच, पण ती फौजदारी न्यायाची. कराराच्या वापराची नव्हे.

मुंबईच्या वाचकांना वर्मा आठवतात ते मात्र डिसेंबर १९९५ च्या हिंदुत्व निकालांमुळे. हिंदुत्व ही जीवनशैली, असे म्हणत त्यांनी शिवसेनेच्या मनोहर जोशींची निवडणूक वैध ठरवली. रमेश प्रभूंची मात्र भाषणांपायी रद्दच ठेवली. जीवनशैलीचा हा खुलासा प्रचारसभांत सोयीने वापरला जाणार, हे त्यांच्यासारख्या न्यायाधीशाला दिसायला हवे होते. मात्र २००२ मध्ये मानवी हक्क आयोगाचे अध्यक्ष म्हणून दंगलींनंतर गुजरातला जाऊन त्यांनी राज्य सरकारवर अपयशाचा ठपका ठेवला. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या सामूहिक बलात्कार प्रकरणानंतर त्यांच्या समितीने २९ दिवसांत अहवाल दिला. वैवाहिक बलात्काराची सूट काढा, ही त्यातली शिफारस फेब्रुवारी २०१३ च्या अध्यादेशात सरकारने घेतली नाही.