मोगलाईचा सारा आणि राजवाड्यावरची विमाने

कायगावच्या काठावर उभे राहा. साल १९१८, ऑक्टोबरचा पहिला आठवडा. समोर गोदावरी, तिला येऊन मिळणारी प्रवरा, आणि पलीकडे टोके. तुमच्या पायाखालचा काठ निजामाच्या औरंगाबाद जिल्ह्यातला, गंगापूर तालुक्यातला. पलीकडचा काठ इंग्रजांच्या नगर जिल्ह्यातला. तिकडची माणसे इकडच्या मुलखाला मोगलाई म्हणतात. तिकडे कलदार रुपया चालतो, इकडे निजामाचा हाली शिक्का, कलदारापेक्षा थोडा हलका. नावेतून उतरणारा व्यापारी दोन्ही नाणी दोन वेगळ्या गाठींत बांधून आणतो.

यंदा पावसाने दख्खनभर दगा दिला आहे. बाजरीची कणसे भरली नाहीत, ज्वारी पेरावी तर जमिनीत ओल नाही. त्यातच मानमोडी आली आहे. जगाच्या इतिहासात १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ म्हणून जिची नोंद आहे, तीच ही. घरात एक जण आडवा पडला की दोन दिवसांत सगळे घर आडवे होते, आणि तांब्याभर पाणी द्यायलाही कुणी उठू शकत नाही.

गंगापूरची वाट धरा. पोचेपर्यंत ऊन चढलेले असेल. ओट्यावर पटवाऱ्याने दप्तराचा रुमाल सोडला आहे. कागद उर्दूत, आणि त्यावर नवे साल पडायचे आहे, फसली १३२८. समोर एक शेतकरी उकिडवा बसला आहे. कागदावरचे एक अक्षर त्याला वाचता येत नाही, पण आपल्या साऱ्याचा आकडा तोंडपाठ आहे. तो धोतराच्या कनवटीतून हाली रुपये काढतो आणि एकेक करून खाली ठेवतो. पटवारी प्रत्येक नाणे दगडावर वाजवून घेतो. हा आवाज नीट ऐकून ठेवा.

आता वर बघा. आकाश निळे, कोरडे, रिकामे. या ओट्यावर बसलेल्यांपैकी कुणीही आजवर विमान पाहिलेले नाही.

आणि तरी याच आठवड्यात, ५ ऑक्टोबर १९१८ रोजी, दूर फ्रान्स आणि जर्मनीच्या सीमेवर 'हैदराबाद' असे नाव ल्यालेली विमाने उडत आहेत. तिकडे चला. डी. एच. ९ ए जातीचे दोन आसनांचे बॉम्बफेकी विमान. लाकडी सांगाड्यावर कापड ताणून केलेले पंख, एकावर एक दोन. वैमानिकाच्या डोक्यावर छप्पर नाही, वाऱ्याने त्याचे गाल बधिर झालेले. मागच्या आसनावर बंदुक्या. विमानाच्या अंगावर लिहिले आहे की ही हैदराबादच्या निजामाची भेट आहे. ब्रिटिश हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनची पहिली १८ विमाने अशीच निजामाच्या देणगीतून आली, आणि ती स्क्वाड्रन 'हैदराबाद' याच नावाने ओळखली गेली.

त्यातले एक विमान त्या दिवशी शत्रूच्या हद्दीत उतरते. दोघेही कैद होतात, पण विमान शाबूत राहते. त्याचा पुढचा प्रवास विलक्षण आहे. जर्मनांनी ते बर्लिनच्या संग्रहालयात मांडले. दुसऱ्या महायुद्धात ते पोलंडला हलवले गेले. १९७७ साली ब्रिटिश हवाई दलाच्या संग्रहालयाने पोलंडला एक स्पिटफायर दिले आणि बदल्यात हे परत घेतले. आज ते तिथे जपलेले आहे.

ही भेट नेमकी कुणाची? मीर उस्मान अली खान १९११ पासून गादीवर होते आणि त्यांच्या अपार श्रीमंतीच्या कथा जगभर पसरलेल्या होत्या. त्यांची खासगी जहागीर, सर्फेखास, वेगळी. सरकारी दिवाणी वेगळी. पण दोन्ही तिजोऱ्यांत पडणाऱ्या रुपयाचा सर्वांत मोठा उगम एकच, जमिनीचा सारा. ओट्यावर वाजलेले नाणे लासूर स्टेशनावरून आगगाडीने हैदराबादला गेले असेल किंवा जिल्ह्याच्या खजिन्यात राहिले असेल. राज्य मात्र त्याच नाण्यांवर चालत होते. म्हणून ज्याने आधीच्या सालांत सारा भरला, तो गंगापूरचा कुणबी त्या विमानांच्या देणगीदारांत मोडतो असे मी ठामपणे म्हणतो. त्याला कुणी विचारले नव्हते, हा भाग निराळा. युद्धातल्या मदतीबद्दल ब्रिटिशांनी निजामाला १९१८ मध्ये 'ब्रिटिश सरकारचा विश्वासू मित्र' हा किताब दिला. कुणब्याच्या वाट्याला मानमोडी आली.

पुढची मुक्कामे भराभर ओलांडू. १२ मे १९३७, लंडन. सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक. हाइड पार्क कॉर्नरपाशी बीबीसीचे कॅमेरे लावलेले आहेत, आणि राजाची मिरवणूक ते घराघरांतल्या मूठभर पडद्यांवर पोचवत आहेत. दूरचित्रवाणी अजून बाल्यावस्थेत आहे, पण राजेशाही सोहळ्याशी तिची गाठ इथेच पडते. पुढे दोन वर्षांत महायुद्ध सुरू होते आणि प्रक्षेपण बंद होते.

१९४० चा उन्हाळा. तुम्ही इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ वॉर्मवेलच्या धावपट्टीच्या कडेला गवतात उभे आहात. धोक्याचा इशारा येतो आणि स्पिटफायर विमानांकडे पोरसवदा वैमानिक धावत सुटतात. ही १५२ क्रमांकाची स्क्वाड्रन, तिचेही नाव हैदराबाद. तिच्या बोधचिन्हावर निजामाचा शिरपेच आहे, आणि खाली ब्रीद म्हणून त्याच जुन्या किताबातले शब्द, विश्वासू मित्र. लंडनच्या दक्षिणेला केनलीच्या तळावर २५३ क्रमांकाची स्क्वाड्रन हरिकेन विमाने उडवते आहे. तीही हैदराबादचीच. ब्रिटनच्या या हवाई लढाईपाठोपाठ इतरही नावे आली. १२४ क्रमांकाची स्क्वाड्रन बडोद्याच्या नावाने उभी राहिली, १३२ क्रमांकाची मुंबई शहराच्या. ब्रिटनच्या बचावाची ही लढाई मराठी मुलखाच्या नावांशी आणि पैशाशी इतकी जोडलेली आहे, आणि आपल्याकडे त्याची आठवण जवळपास कुणी काढत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

८ जून १९४६. युद्ध संपून वर्ष उलटले आहे. आदल्याच दिवशी बीबीसीची दूरचित्रवाणी पुन्हा सुरू झाली आणि आज ती विजय संचलन दाखवते आहे. राजा मानवंदना घेतो, भारतीय जवानांची पथकेही चालत जातात, वरून विमाने जातात. पडद्यावर विमानाचा आकार कळतो आणि आवाज कळतो. ते कुणाच्या पैशाने उडाले, हे तिथून कळत नाही.

आता परत गंगापूरला या, आणि इथे जरा थांबा. सप्टेंबर १९४८. देश स्वतंत्र होऊन वर्ष झाले, पण या काठावर तिरंगा नाही. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांच्या धाकाने कित्येक घरांनी रातोरात गोदावरी ओलांडून पलीकडचा मुलूख गाठला आहे. जी माणसे मागे राहिली ती दिवस मावळायच्या आत दारे लावून घेतात. निजामाच्या फौजेसाठी बाहेरून शस्त्रे येत आहेत. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री विमाने आणतो आणि राज्यातल्या धावपट्ट्यांवर बंदुका उतरवतो. ती विमाने लँकॅस्ट्रियन जातीची, म्हणजे युद्धातल्या प्रसिद्ध लँकॅस्टर बॉम्बफेकी विमानापासून बनवलेली वाहतुकीची विमाने.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरतात. सोलापूरकडून नळदुर्ग, उमरगा असा मुख्य मारा. उमरग्याहून राजेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर निजामाच्या माणसांनी दबा धरलेला आहे, म्हणून हवाई दलाची टेंपेस्ट विमाने बोलावली जातात. टेंपेस्ट बनवणारी कंपनी हॉकर, आणि २५३ क्रमांकाच्या हैदराबाद स्क्वाड्रनची हरिकेन विमाने बनवणारी कंपनीही हॉकरच. आठ वर्षांपूर्वी त्या कारखान्याची विमाने निजामाच्या नावाने लढत होती. आता त्याच कारखान्याची विमाने, भारताच्या खुणा घेऊन, त्याच्या राज्याच्या आकाशात आली आहेत.

१४ तारखेला दुपारी औरंगाबाद शरण येते. गंगापूरच्या वेशीत तुम्ही बातमीची वाट बघत उभे आहात. एक म्हातारा विचारतो, "विमानं आपली का त्येंची?" त्याला उत्तर द्या. मोठ्याने द्या, म्हणजे मागे दाराआड उभ्या असलेल्या बायकांनाही ऐकू जाईल. १७ सप्टेंबरला निजाम शरणागती पत्करतो आणि नदीचे दोन्ही काठ एकाच देशात येतात.

आता २ जून १९५३. दुसऱ्या एलिझाबेथचा राज्याभिषेक. लंडनमध्ये पाऊस आणि गारठा. रस्त्याच्या कडेला लोक रात्रभर भिजत बसले आहेत, आणि ज्यांच्या घरी टीव्ही आहे त्यांच्याकडे शेजारपाजारचे दाटीवाटीने जमले आहेत. एकट्या ब्रिटनमध्ये दोन कोटींहून अधिक लोक हा सोहळा टीव्हीवर बघतात. वेस्टमिन्स्टर ॲबीच्या आत रिचर्ड डिंबलबी हळू, भारदस्त आवाजात समालोचन करतो आहे. पंतप्रधान नेहरूही लंडनमध्ये उपस्थित आहेत. संध्याकाळी राजवाड्यावरून विमाने जायची आहेत, पण ढग खाली आले आहेत आणि वेळ पुढे ढकलली जाते. अखेर गर्जना येते. १६८ जेट विमाने, बहुतेक मेटिऑर, काही कॅनडाची सेबर. छज्जात उभी असलेली नवी राणी वर बघते. लहानगा राजपुत्र चार्ल्सही वर बघतो.

या सोहळ्यात विमानांनी केलेले आणखी एक काम आहे, आणि मला ते मानवंदनेहून मोठे वाटते. अटलांटिकपलीकडे थेट चित्र पाठवण्याची सोय तेव्हा नव्हती. मग बीबीसीच्या पडद्यावरून घेतलेल्या चित्रफिती कॅनबेरा जातीच्या लष्करी जेट विमानांत ठेवून कॅनडाला धाडण्यात आल्या, सोहळा चालू असतानाच टप्प्याटप्प्याने. कॅनडाची घड्याळे मागे असल्यामुळे तिथल्या लोकांनी त्याच दिवशी राज्याभिषेक पाहिला. टीव्हीने विमाने दाखवली हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी टीव्हीचे चित्र विमानांनी वाहून नेले.

त्या तारखेला गंगापुरात टीव्ही नाही, अख्ख्या देशात नाही. दिल्लीत पहिले प्रक्षेपण व्हायला १९५९ चा सप्टेंबर उजाडावा लागला. हैदराबाद अजून वेगळे राज्य आहे, आणि भारताच्या संविधानाखाली त्याचे राजप्रमुख आहेत तेच मीर उस्मान अली खान. १९४७ मध्ये या राणीच्या लग्नात त्यांनी तिला हिऱ्यांचा हार आणि मुकुट आहेर म्हणून दिला होता. हार तिने पुढे कित्येक वर्षे घातला. मुकुट १९७३ मध्ये मोडला गेला.

शेवटचा मुक्काम, २ जून २०२२, गुरुवार. भारतात संध्याकाळचे साडेपाच. गंगापूर आता महाराष्ट्रात आहे आणि याच तालुक्यात वाळूजचे कारखाने उभे आहेत. बाजारात बी-बियाणांच्या दुकानांपुढे गर्दी आहे, कारण मृग थोड्याच दिवसांवर आला आहे. एका दुकानात मोबाइलवर लंडनचे चित्र चालू आहे. राणीच्या कारकिर्दीला ७० वर्षे झाली म्हणून ७० हून अधिक विमाने येत आहेत. १५ टायफून विमाने आकाशात ७० चा आकडा काढतात आणि सगळ्या वाहिन्या तेच दृश्य पुन्हा पुन्हा दाखवतात. पण तुम्ही जुन्या, पंखे फिरणाऱ्या विमानांकडे बघा. लँकॅस्टर, स्पिटफायर, हरिकेन. निवेदक त्यांची नावे घेतो, ब्रिटनच्या लढाईचा उल्लेख करतो आणि पुढे जातो.

तिन्ही विमानांना या मातीचा धागा आहे. स्पिटफायर आणि हरिकेन हैदराबादच्या नावाने लढली. लँकॅस्टरच्या भावंडांनी १९४८ मध्ये निजामासाठी बंदुका वाहिल्या. पहिली दोन मराठवाड्याच्या रयतेने साऱ्यातून पोसली, तिसऱ्याने आणलेल्या शस्त्रांची दहशत त्याच रयतेने भोगली. लंडनच्या निवेदकाने हे सांगितले नाही, याचा मी त्याला फार दोष देत नाही. आपल्या वाहिन्यांनी ते चित्र उचलून दाखवले आणि तरी सांगितले नाही, याचा मात्र त्यांना देतो. तुमच्या आजोबा-पणजोबांनी भरलेल्या पैशाचा हा हिशेब आहे आणि तो मराठीत मांडला गेला पाहिजे.

दरवर्षी १५ सप्टेंबरला ब्रिटन आपल्या हवाई लढाईचा दिवस पाळते, आणि दोनच दिवसांनी, १७ सप्टेंबरला, आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन करतो. गंगापूर, लासूर, कायगावच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. यंदाच्या झेंडावंदनानंतर मुलांना या विमानांची गोष्ट सांगा, आणि घरी जुने फसली दाखले किंवा साऱ्याच्या पावत्या शिल्लक असतील तर त्या वर्गात आणायला सांगा.