डॉक्टर, चित्रकार आणि गर्दीतला माणूस

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास शिकवताना एकदा मी वर्गात एका चित्राची छापील प्रत नेली होती. सुधीर पटवर्धन यांचे १९८० सालचे ‘ट्रेन’ हे ते चित्र. मागल्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, “सर, ह्यात ना देव, ना राजा. हे भिंतीला लावायचं कुणी?” वर्ग हसला. मला मात्र तो प्रश्न इतिहासाचाच वाटला.

आपल्याकडे घराच्या भिंतीवर आले ते प्रामुख्याने देवादिकांचे चित्र. राजा रविवर्म्याने १८९४ साली छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोहोचल्या. थोरामोठ्यांची तैलचित्रे दिवाणखान्यात टांगली गेली. ज्याच्या हातांनी गिरणी चालली, रस्ता झाला, तो माणूस मात्र हजेरीपटावर नावापुरता उरला. कागदपत्रांतून त्याची मजुरी कळते. पण तो उभा कसा राहत होता, थकल्यावर बसत कसा होता, हे कळत नाही.

पटवर्धनांनी नेमके तेच टिपले. त्यांचा जन्म १९४९ साली पुण्याचा. १९७२ साली पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले, दुसऱ्या वर्षी मुंबईला आले. चित्रकलेच्या शाळेत ते गेले नाहीत. १९७५ पासून २००५ पर्यंत, म्हणजे तब्बल तीस वर्षे, त्यांनी ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केले. दिवसा माणसाच्या हाडांची छायाचित्रे पाहायची आणि उरल्या वेळात त्याच माणसाला रंगवायचे, असा हा क्रम. म्हणूनच की काय, त्यांच्या चित्रातल्या माणसाच्या देहाला वजन असते. ‘इराणी रेस्टॉरंट’ हे १९७७ सालचे चित्र पाहा. हॉटेलात बसलेला साधा माणूस, पण त्याला पुढची जागा दिली आहे.

१९८१ साली भूपेन खख्खर, गुलाम मोहम्मद शेख, नलिनी मलानी आदी चित्रकारांबरोबर त्यांनी ‘प्लेस फॉर पीपल’ या प्रदर्शनात भाग घेतला. नावच बोलके आहे, नाही का? माणसांना जागा! लगेच पुढल्या वर्षी, १८ जानेवारी १९८२ रोजी, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. लाखो संसार त्यात होरपळले, पुढे गिरण्याही मिटल्या. पटवर्धनांनी २००१ साली ‘लोअर परळ’ रंगवले. भोंगे गेले, कामगार पांगले. तो भाग मात्र चित्रात राहिला. हा दस्तऐवज नव्हे तर काय?

पण इथे एक बोच आहे. ज्याचे चित्र, तो ते पाहतो कुठे? चित्र जाते कलादालनात. पटवर्धनांनाही ही अडचण जाणवली असावी, कारण २००८-०९ मध्ये त्यांच्या पुढाकाराने ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे आधुनिक भारतीय चित्रांचे प्रदर्शन महाराष्ट्रातल्या निरनिराळ्या शहरांतून फिरले. तालुक्याचे गाव मात्र अजून दूरच.

तास संपल्यावर तो मुलगा माझ्याकडे आला. त्याचा चुलता मंठ्याहून कामाला गेला आणि वीस वर्षे लोकलने हिंडला. “सर, ही प्रत दोन दिवस नेऊ का?” त्याने विचारले. मी दिली. भिंतीला कोण लावणार, याचे उत्तर त्याचे त्यानेच शोधले होते.