तिसरा रकाना

गोष्ट शिकवताना आपण फळ्यावर तीन रकाने आखतो : पात्रं, कथानक, स्थळकाळ. आम्हीही वर्षानुवर्षं आखले. चूक तिथेच झाली. तिसरा रकाना म्हणजे नुसतं वर्णन, असं समजून मुलं तो सोडून देतात.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घ्या. १९५५ सालची कादंबरी. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो, शाळा धरतो, गावाकडून तालीम बांधून घेतो. शेवटी दुष्काळात वाडीच उठून जाते. आता सांगा, यात खलनायक कोण? कोणीच नाही. सह्याद्री पावसाळी ढग अडवतो. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि माणदेशात जेमतेम ५००च्या आसपास. म्हणून शेतीपेक्षा मेंढरांचा भरवसा. आणि चारा संपला की माणसं मेंढरांमागे निघतात. शाळा ओस पडते ती या साखळीने.

पण नुसत्या भूगोलावर थांबू नका. हा मुलूख औंध संस्थानचा. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे मोठे पुरस्कर्ते. म्हणून तालमीसाठी राजा वाडीवर येतो, हे आपल्याला पटतं. इंग्रजी अमलातल्या खेड्यात गव्हर्नरसाहेब असे आले असते का? तेव्हा स्थळात त्या काळची सत्ताही आली.

वर्गात एक प्रयोग करून बघा. ही वाडी उचलून कोकणात ठेवा आणि मुलांना विचारा, कुठला प्रसंग टिकतो? मास्तरची धडपड टिकेल कदाचित. शेवट टिकणार नाही. इथेच एक सावधगिरीही शिकवता येते. स्थळ माणसाचे निर्णय घेत नाही, त्याच्यापुढे कोणते पर्याय उरतात तेवढं ठरवतं. मास्तरला त्या वाडीचा लळा का लागला, हे पर्जन्यमानावरून कळणार नाही.

हे सगळं एवढ्या आग्रहाने का सांगतो? दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मुलं वर्गातून गायब झाली, की ‘यांना शिक्षणाची किंमतच नाही’ असं आम्ही शिक्षकांच्या खोलीत ऐकलंय. कधी मान डोलावलीही आहे. पात्रं वाचली, स्थळ वाचलं नाही, की असंच होतं. दोष माणसाच्या माथी जातो. तिसरा रकाना आम्हाला उशिरा वाचता आला. तुमच्या विद्यार्थ्यांना तो वेळेवर वाचायला शिकवा.